माझ्या मापाने शिवलेले मुलग्यांचे कोट

पट्ट्याचा कोट उसवला गेला आहे. बातमी खरी असल्याचे आमच्या कुपवाडच्या कारखान्यातले कटिंग मास्तर आकाराम यांनी आज शनिवारी सकाळी फोनवर सांगितले. त्यांचे शब्द असे: "बाई, कोट उसवलाय. सईताईनं. तुकडं टेबलावर मांडल्यात, खडूनं खुणा करून. आवं, पर लय नीट उसवलाय. येक धागा तुटल्याला न्हाई." सई म्हणजे माझी नात. तिने मला विचारले नव्हते.

सोमवारी मिरजेच्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्यानंतर मला लिहिता येईल की नाही याची हमी कोणी देत नाही. म्हणून मृत्युपत्रात जे बदलायचे ते आजच बदलते.

मी, उमा नाथाजी पिसे, माहेरची उमा तात्याबा हेंद्रे, वय बहात्तर, धंदा शिवणकाम व मुलांचे समारंभाचे कोट भाड्याने देणे, राहणार सांगली, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. आमच्या नेहमीच्या डॉ. उत्कर्षा यांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. अक्षर वाकडे येते ते रागाने. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून मला लिहायला बसवलेले नाही. उलट मुलगा धवल सकाळपासून "आई, पड जरा" म्हणतो आहे. मला पडवत नाही. हा कागद स्वयंपाकघरात सुरू केला, आता पुढच्या खोलीत लिहिते आहे. अक्षर बदललेले दिसले तर दुसऱ्या कोणी लिहिले असे समजू नये.

माझी सर्व मिळकत मी व माझे कै. पती यांनी कष्टाने केलेली आहे. ~~वडिलांकडून मला काहीही मिळालेले नाही.~~ (खोडले. उ. ना. पिसे. कारण कलम ८ मध्ये.)

कलम १. तीन वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात कुपवाडचा कारखाना आणि सर्व जुने कोट मी सईला दिले होते.

कलम २. सांगलीचे राहते घर व त्यातील सामान धवलला द्यावे. पुराच्या वर्षी मी आधी कोट वरच्या मजल्यावर नेले आणि मग त्याला हाक मारली, हे तो पाहुण्यांना अजून सांगतो. घर मिळाल्यावर त्याने ते सांगणे बंद करावे. अट नाही, विनंती आहे. बँकेत जे आहे ते आधी दवाखान्याला जाईल. उरले तर तेही त्याचे.

कलम ३. मोठी कात्री, कोळशाची इस्त्री आणि बाह्या दाबायची लाकडी फळी आकारामला द्यावी. आकारामचे घराणे जतकडचे, मेंढरे राखणारे. शिवणकाम तो माझ्याकडे शिकला आणि आता कापड हातात धरून कुठे आवळेल ते सांगतो. त्याला मी दिवाळीला दोनदा रागावले, दोन्ही वेळा चूक त्याची होती. तरी कात्री त्याचीच.

कलम ४. साताऱ्याचे चुलतभाऊ देवदत्त हेंद्रे यांना काही देऊ नये. माझ्या वडिलांचे साताऱ्यातले दुकान, 'तात्याबा हेंद्रे, मुलांचे कोट', वडिलांनी त्यांच्या नावे केले, कारण मी मुलगी होते आणि परक्याच्या घरी जाणार होते. वडील गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी ते विकले. आता तिथे मोबाईलची कव्हरे मिळतात. देवदत्त अंत्यदर्शनाला येतील, बिनबाह्यांचे जाकीट घालून येतील आणि भाषण करतील. करू द्यावे. मी ऐकणार नाही.

कलम ५. जुने कोट. हे कलम लांब आहे. पण कोट कुणाचे आणि कसे आले हे कळल्याशिवाय ते कुणाला द्यायचे हे कळणार नाही.

भारी कपडे घालायची वेळ मुलग्यांवर थोड्याच प्रसंगी यायची: मुंज, घरातले लग्न, फोटो, शाळेचे बक्षीस. त्यासाठी एकच कोट शिवायचा आणि तो दोन-तीन वर्षे पुरवायचा. कपाटातला सर्वात जुना कपडा बाराबंदी आहे, पांढऱ्या सुताची, बंदांनी बांधायची. तिला एकही बटण नाही. त्यानंतरचा जरीच्या काठाचा छोटा अंगरखा. मग संस्थानी काळातले विलायती वळणाचे कोट आहेत. खलाशी कोट, पाठीवर चौकोनी कॉलर आणि तिला तीन पांढऱ्या फिती. ज्या घरातून तो आला त्या घराने कृष्णेपलीकडचे पाणी कधी पाहिले नव्हते. कमरेवर संपणारा काळा आखूड कोट, त्यावर पांढरी रुंद कॉलर बाहेर काढायची. तो घालून मुलाला बसताही येत नसे. मग बंद गळ्याचा कोट. तो आपल्याकडे सर्वात जास्त टिकला, कारण आत जुना सदरा असला तरी दिसत नाही. नंतर जाकीट, सफारी, बाबासूट आणि आता शाळेचा ब्लेझर, जो धवल आणि सई कुपवाडला शिवतात.

हे सारे साताऱ्याच्या संग्रहालयाने घेतले तर त्यांना द्यावे. न घेतले तर भाड्याने जात राहावे. मुलगा कोटात उभा राहिला की त्याची आई गप्प होते, ते बघण्यासारखे असते.

राहिला पट्ट्याचा कोट. छातीवर दोन्ही बाजूंना खांद्यापासून खालपर्यंत कापडाची एकेक उभी रुंद प्लेट, म्हणजे दुमडून शिवलेली घडी, आणि त्या प्लेटींखालून कमरेला त्याच कापडाचा पट्टा. साहेब लोक हा शिकारीला घालत. आपल्याकडे तो मुलग्यांना मुंजीच्या पानसुपारीला घालत, गुडघ्यापर्यंत मोजे आणि अर्धी चड्डी असा. आमच्याकडचा तपकिरी लोकरीचा आहे. वडिलांनी शिवला तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तेव्हा हा कोट कोणीच शिवत नव्हते, सगळ्यांना बंद गळा हवा असे.

वडिलांना मी एकटीच. दुकान मुलांच्या कोटांचे. गिऱ्हाइकाचा मुलगा एकदा माप देऊन जायचा, पुन्हा ट्रायलला आणायचे तर वाईहून, मेढ्याहून एसटीने आणावे लागे. म्हणून ट्रायलला मी. पाच वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत सातारा, जावळी आणि वाई भागातल्या बऱ्याच मुलांचे कोट आधी माझ्या अंगावर चढले. उंची कमी असली तर पाटावर उभे करत. माझा डावा खांदा जरा उतरता आहे, म्हणून त्या बाजूला कापसाची गादी ठेवून माप सरळ करत आणि कोट गिऱ्हाइकाला देताना ती काढून घेत. "हलू नको. हललीस तर मेढ्याचा पोरगा वाकडा दिसंल." सात वर्षे मी हे ऐकले. आज मला एका जागी बसवत नाही त्याचे कारण शोधायला हृदयाच्या डॉक्टरांकडे जायची गरज नव्हती.

एका दुपारी पट्ट्याच्या कोटाची ट्रायल झाली आणि मी तो न काढताच पळाले. मोती चौकात एका म्हाताऱ्याने हटकले.

"काय रं गड्या, कुणाचा तू?"

"तात्याबा शिंप्याचा."

"आरं, तात्याबाला पोरगा कवा झाला?"

मी हसले आणि सापडले. माझे चुलते, म्हणजे देवदत्तचे वडील, पलीकडेच उभे होते. हाताला धरून दुकानात आणले. "तात्या, पोरीला पोराचा कोट घालून बाजारात फिरवतूस व्हय? उद्या हिला कोन करून घेईल?"

वडील मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "गिऱ्हाइकाचा कोट आहे. ट्रायल चालली होती."

रात्री मी विचारले, कुठल्या गिऱ्हाइकाचा? म्हणाले, एका वकिलांच्या मुलाचा. पुढे म्हणाले, त्या मुलाला गालगुंड झाले, समारंभ राहिला. नेतील कधीतरी. कोट कपाटात गेला. मी बारा वर्षांची झाल्यावर ट्रायल बंद झाली. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा वडिलांनी कपाटातले नमुन्याचे सगळे कोट ट्रंकेत भरून दिले, त्यात हाही होता. "हे सांभाळ" इतकेच म्हणाले. मला वाटले, दुकान देवदत्तला आणि राखण मला.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा कपडा त्याला विचारल्याशिवाय उसवत नाहीत. भाड्यानेही देत नाहीत. मी दर दसऱ्याला तो कोट बाहेर काढला, ब्रश मारला, कडुनिंबाचा पाला बदलला आणि परत ठेवला. अस्तराखाली कधी बोट घातले नाही. वकील येतील म्हणून वाट बघत होते असे नाही, पण वस्तू त्यांची होती. ज्या मुलीला एवढे शिकवले तिने परक्याचा कोट उसवावा, म्हणून कलम १.

कलम ६. माझ्या मागे तेराव्याला गावजेवण घालू नये.

कलम ७. कुपवाडचा कारखाना, जागा, मशीन आणि शिल्लक कापड यांसह, विकावा व पैसे धवलने घ्यावेत. खरेदीदार ठरलेला आहे. त्याचा शेजारचा गाळा त्याला पुरत नाही; तो कधीचा मागे लागला होता, आज सकाळी मी हो म्हटले. सोमवारी तो इसाराचा कागद घेऊन येणार आहे. मी त्या दिवशी दवाखान्यात असेन म्हणून सही करण्याचे मुखत्यारपत्र धवलला दिलेले आहे.

(हे कलम लिहून झाले तेव्हा धवल शेजारी उभा होता. पुढे जे घडले ते लिहिल्याशिवाय कलम ८ कोणाला पटणार नाही.)

धवलने वाचले आणि खुर्ची ओढून बसला. तो वाईट माणूस नाही, दमलेला आहे. "आई, बरं केलंस. ब्लेझर आता लुधियानाहून येतात, आपल्या नुसत्या कापडाच्या भावात. माझी पाठ गेली. तुझं हे असं. आणि सईचं काय, आज ना उद्या लग्न होऊन जाणार ती. मग तो पसारा कोण बघणार?"

हे वाक्य मी याआधी साताऱ्यात ऐकले होते, वडिलांच्या तोंडून, माझ्याविषयी. मी उठले. पाणी प्याले. परत येऊन बसले, पुन्हा उठले.

तेवढ्यात सईची स्कूटर वाजली. मागे आकाराम आपल्या गाडीवर. सईच्या हातात चादरीचे गाठोडे.

"आजी, आधी ओरडून घे. मग दाखवते."

"ओरडायला डॉक्टरांची मनाई आहे."

"मग डोळे वटार. झालं? बघ आता."

तिने चादर जमिनीवर पसरली आणि कोटाचे तुकडे जसे अंगावर असतात तसे मांडले. इस्लामपूरकडच्या एका शाळेला बँडपथकासाठी मुलामुलींना दोघांना चालेल असा एकच कोट हवा आहे. सईने कपाटातले सगळे कोट पाहिले आणि पट्ट्याचा निवडला. त्याचा बेत, म्हणजे कापड कसे कापले ते, मिळवायला तो उसवला. मला विचारले असते तर मी नाही म्हणाले असते, म्हणून विचारले नाही, असे तिने तोंडावर सांगितले.

"बाही बघ. आत किती कापड दुमडलंय?"

चार बोटे होते. गिऱ्हाइकाच्या मुलाला वडील वाढीसाठी दोन बोटे ठेवत. मी म्हटले, वकील चिकट असतील.

"आणि हे?" तिने छातीच्या प्लेटी उलटल्या. बाहेरून ती नुसती शोभा. आत दोन्ही बाजूंना वीतभर कापड घड्या घालून, कच्च्या टाक्याने धरलेले. टाका ओढला की सुटेल असे. "मुलग्याच्या कोटात छातीला कोणी कापड ठेवतं का, आजी?"

"नाही," मी म्हटले. "मुलगा उंचीला वाढतो, पाठीला वाढतो. छातीला कशाला ठेवतील?"

बोलायचे ते मीच बोलून बसले होते.

सईने कोटाचा डावा खांदा माझ्यासमोर धरला. अस्तराखाली कापसाची गादी होती, पक्क्या शिलाईने बसवलेली. ट्रायलची गादी टाचणीने लावतात. ही काढायची नव्हतीच.

आकाराम दारातूनच म्हणाला, "बाई, असला खांदा वकिलाच्या पोराला कुटनं आला?"

वकील नव्हते. गालगुंडही नव्हते. बाजारात मी सापडल्यावर, भावासमोर मान न उचलता वडिलांना जे सुचले ते त्यांनी सांगितले, आणि सांगितल्यावर मागे घेता आले नाही. पट्ट्याचाच कोट का, हेही आता कळले. जुन्या-नव्या सगळ्या मुलग्यांच्या कोटांत हा एकच असा आहे, ज्याच्या प्लेटींत मुलगी वाढेल तेवढे कापड लपवता येते. वाढत्या अंगाने मी तो चार-पाच वर्षे घालावा असे त्यांनी धरले होते. मी घातला एक दुपार.

धवल तुकड्यांकडे बघत म्हणाला, "म्हणजे साठ वर्षं तू तुझाच कोट दुसऱ्यासाठी सांभाळलास?"

"बासष्ट-त्रेसष्ट असतील," मी म्हटले. मग मला हसू आले आणि धाप लागली, आणि सगळ्यांनी मला पंख्याखाली बसवले. मी दोन मिनिटांत उठले.

वडिलांना मी माफ केले असे यात कुठेही लिहिलेले नाही. कोट शिवायला त्यांना हिंमत होती, तो माझा आहे म्हणायला नव्हती. दुकानाच्या वेळीही नव्हती. त्यांनी केली नाही ती सही मी माझ्या कागदावर करते.

कलम ८. कलम १ मधील रद्दबातलपणा कायम ठेवून, म्हणजे जुना कागद पुन्हा जिवंत न करता, मी नव्याने लिहिते:

कलम ७ पूर्णपणे रद्द. कुपवाडचा कारखाना, जागा, मशीन, कापड, सर्व कागदी नमुने आणि हाती असलेल्या ऑर्डरी यांसह, सई धवल पिसे हिला द्यावा. तिचे लग्न होवो, न होवो, इथे होवो की लांब, त्याने या कलमात फरक पडत नाही. तिने तो चालवावा किंवा बुडवावा. बुडवला तर तिच्या हाताने बुडेल.

धवलला दिलेले मुखत्यारपत्र मी आज वेगळ्या कागदाने रद्द केले आहे. एक प्रत त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि गच्चीवर निघून गेला. अजून खाली आलेला नाही. घर त्याचेच राहील. कलम २ मध्ये बदल नाही.

पहिल्या पानावरील वडिलांविषयीचे वाक्य खोडले आहे. त्या जागी वाचावे: वडिलांकडून एक कोट मिळाला.

कलम ९. सईने मला न विचारता कोट उसवला हे चूकच आहे. तो माझा निघाला हा तिचा शहाणपणा नाही. शिक्षा म्हणून तिने तो पुन्हा हाताने शिवावा, प्लेटींतले कापड पूर्ण सोडून. संग्रहालयाला देऊ नये, कपाटात ठेवू नये. इस्लामपूरच्या शाळेचा नमुना म्हणून तोच न्यावा आणि बँडमधल्या एखाद्या मुलीला ट्रायलला घालावा. ती हलली तर हलू द्यावे.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉ. उत्कर्षा यांनी करावी. त्यांना यात काही मिळत नाही आणि त्या धवललाही गप्प करू शकतात.

सोमवारी सकाळी मला आत नेतील. त्याच सकाळी खरेदीदार इसाराचा कागद घेऊन कुपवाडला येईल आणि दारात त्याला धवलऐवजी सई भेटेल. काय बोलायचे ते मी तिला शिकवलेले नाही. आकाराम म्हणतो, "च्या पाजतो आन् लावतो वाटंला." धवल दिवसभर कोणाशी बोलणार नाही. पण संध्याकाळी माझ्यासाठी मऊ भाताचा डबा घेऊन मिरजेला तोच येईल, आणि मी शुद्धीवर असले तर आमचे भांडण तिथून पुढे सुरू होईल.

ठिकाण: सांगली
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५

(सही) उमा नाथाजी पिसे

साक्षीदार:
१. (सही) क्रांती माळी, शेजारी राहणार
२. (सही) अर्जुना बंडगर, मागच्या खोलीत राहणार

आम्हा दोघांसमोर उमाबाईंनी कागद स्वतः वाचला व प्रत्येक पानावर सही केली. आम्हा दोघांना या कागदाने काही मिळत नाही.